गुरुवारचा जांभळा

ते पहिल्यांदा आमच्या रंगाच्या खोलीत आले तो गुरुवार होता, आणि सकाळचे दहा वाजले होते. म्हणून मी त्यांच्याशी बोलले नाही.

दोऱ्यांवर ओली कापडं टांगलेली होती. निथळणारे थेंब चुकवत, काखेतलं पुस्तक कोटाच्या आत दडवत, मान वाकडी करून ते आत शिरले. पुस्तक तेवढं बचावलं. एक थेंब मात्र बरोब्बर त्यांच्या कपाळाच्या मधोमध पडला — जांभळा. त्यांच्या लक्षात आलं नाही. मी बोट स्वतःच्या कपाळाला लावून दाखवलं. त्यांना वाटलं, आमच्याकडे नमस्काराची ही पद्धत असावी. त्यांनीही गंभीरपणे बोट कपाळाला लावलं, आणि थेंबाची चांगली लांब रेघ झाली.

मी हंड्याकडे तोंड फिरवून हसले. हसायला मौनात मनाई नाही.

आई गेली तेव्हापासून दर गुरुवारी उठल्यापासून दुपारी बारापर्यंत मी बोलत नाही. कुणी सांगितलं नव्हतं. देवाला द्यायला माझ्याजवळ वेगळं काही नव्हतं. रंग होते, पण ते त्याचेच. म्हणून अर्धा दिवस बोलणं दिलं.

“रंगारी आहेत का?”

मी मागच्या दाराकडे हात केला. बाबा अंघोळीला गेले होते.

“मी बाइंडर. ग्रंथालयात पाणी शिरलं ना… तिथल्या एका संचाचे तीन खंड भिजले. चौथा, सातवा आणि अकरावा. नवी बांधणी घालायचीय, पण कापड बाकीच्या नऊ खंडांशी जुळायला हवं.” त्यांनी पुस्तक टेबलावर ठेवलं, हलकेच, झोपलेलं मूल ठेवावं तसं. “बाजारात जाऊन ‘जांभळा’ म्हणालो. दुकानदारानं आठ ठाण पुढ्यात टाकले. आठही जांभळे, आणि एकही हा नव्हे.”

मला हे फार आवडलं. एवढं कळणारी माणसं कमी असतात. त्यांच्या बोटांवर सुकलेल्या सरसाचे पापुद्रे होते, आणि डाव्या हाताचा अंगठा हातोडी बसून काळानिळा झाला होता. मी त्या अंगठ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं असावं. त्यांनी तो मुठीत लपवला.

एवढ्यात बाबा आले. पुस्तक उचलून उत्तरेच्या खिडकीशी गेले. आमच्याकडे रंग त्याच खिडकीत बघायचा आणि दुपारच्या आत बघायचा, हा नियम. दुसरा नियम असा की रंगाला नंबर द्यायचा नाही. “नंबर दिला की माणूस आकडा बघतो, कापड बघत नाही,” बाबा म्हणत. प्रत्येक रंगाला नाव. हंड्यातून निघाला की एक पट्टी आधी वाळवायची, तिला नावाची चिठ्ठी बांधायची आणि खणात ठेवायची.

“वांगी म्हणावा का हा?” बाइंडरनी बिचकत विचारलं.

“वांगी? वांग्याला चकाकी असते. ह्याला कुठाय?”

“मग… अंजिरी?”

“अंजिरी आतून तांबूस असतो. कोनफळी म्हणाल, तर तो दुधात पडल्यासारखा दिसतो. हा नाही तसा.” बाबांनी पुस्तक नाकाजवळ नेलं. “हा आमसुली होता एकेकाळी. उन्हानं विटलाय. त्यावर गोकर्णीचं एक बोट फिरलंय. काय गं?”

मी मान हलवली. नाव त्यांनी अचूक सांगितलं होतं. नावं त्यांची कधीच चुकत नसत.

आत्या चहा घेऊन आली. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. लग्न न केलेली, आणि मनातलं पोटात न ठेवणारी. “पुठ्ठेवाले,” ती म्हणाली, “कपाळ पुसा आधी. आमच्या मुकीबाईनं सांगितलं नाही वाटतं?”

‘पुठ्ठेवाले’ हे नाव त्यांना त्या दिवशी चिकटलं ते चिकटलं. आणि ‘मुकीबाई’ हे त्यांनी खरं मानलं, ते मला नंतर कळलं.

*

एक गोष्ट मी तेव्हा कुणालाच सांगितलेली नव्हती. बाबांना निळा दिसत नव्हता.

मला ते बादलीमुळे कळलं. आत्यानं निळी बादली आणली, आणि बाबा तिला ‘ती हिरवी बादली’ म्हणू लागले. आत्या दोन दिवस भांडली, मग म्हणाली, “बरं बाबा, हिरवी. तुझ्या घरात गवतही लाल.” तिला तो हट्ट वाटला. मला नाही वाटला. मी त्यांना हंड्यावर वाकताना बघत होते. “पुडीतला निळा पूर्वीचा राहिला नाही,” असं पुटपुटत ते चिमूटभर आणखी टाकत. मग आणखी एक. ते ‘झालं’ म्हणून हात पुसायला गेले की मी लाल रंगाची बरणी काढी, आणि जांभळा जागेवर आणी. सव्वा वर्ष हेच चाललं होतं. बाबा पन्नास वर्षं रंगारी. शेजारच्या तीन गावांत जांभळा म्हटलं की त्यांचंच नाव निघे. तुम्हाला दिसत नाही, हे त्यांना कोणत्या तोंडानं सांगायचं?

जांभळ्याचा हंडा गुरुवारीच लागे. बाबांनी रंग चांगला आला का विचारलं, तर मला नुसती मान हलवून भागत असे. खोटं बोलावं लागत नसे. आईच्या आठवणीसाठी धरलेलं मौन असं हळूहळू माझ्या सोयीचं झालं होतं. प्रार्थनेला बसले की हे मला टोचे. तरी दर गुरुवारी बरणी काढीच.

चौथ्या खंडाचं कापड असंच निघालं, आणि ते इतकं जुळलं की पुठ्ठेवाले बराच वेळ नुसते खिडकीत उभे राहिले.

पुढच्या गुरुवारी ते कारण नसताना आले. त्याच्या पुढच्याही. माझ्याशी ते सावकाश, मोठ्यानं, हातवारे करून बोलत. पुस्तक म्हणायचं तर दोन तळवे उघडत. आत्या दाराआड तोंडावर पदर धरून हसे, पण सांगे नाही. तिला करमणूक हवीच होती.

एकदा त्यांनी कोरी चिठ्ठी उचलून तिच्यावर लिहिलं — ‘दौतीचा तळ’. आणि भुवया उंचावून माझ्यापुढे सरकवली. मी एक चिंधी घेतली, हंड्यात दोनदा बुडवली, जराशी काजळी लावली, पिळून त्यांच्या हातात दिली. ते चिंधीकडे बघत राहिले. मग मी लिहिलं — ‘अंगठ्यावर हातोडी, तिसरा दिवस’. त्यांनी अंगठा पुढे केला. आता तो कडेनं पिवळा पडला होता. त्यांनी माझ्या हातातली पेन्सिल घेऊन ‘तिसरा’ खोडलं, आणि ‘सोळावा’ लिहिलं.

तसल्या चिठ्ठ्या खणाच्या मागच्या बाजूला साठत गेल्या. ‘मिटलेल्या छत्रीच्या आतला’. ‘रागावून गेलेल्या माणसाच्या पाठीचा’. तो त्यांचा होता. मला तो रंगवता आला नाही.

मग एका रविवारी छत्री दुरुस्त करणाऱ्याच्या टपरीपुढे मी उभी होते. “अहो काका, तीन काड्या म्हणाले होते मी, तुम्ही दोनच बसवल्यात. तिसरी काय पावसानं येऊन धरायची?” असं मी शांतपणेच म्हणत होते, आणि मागून आवाज आला,

“तुम्ही… बोलता?”

मी वळले. पुठ्ठेवाले, हातात सरसाचा डबा.

“रोज बोलते. गुरुवारी बारापर्यंत सोडून.”

“मग गेले पाच आठवडे मी जे हातवारे…”

“छान करता.”

ते लाल झाले. लाल म्हणजे गुलबक्षी, कानांच्या टोकांपर्यंत. “आवाज असा असेल असं वाटलं नव्हतं,” ते म्हणाले.

“मुकीचा आवाज कसा असतो असं वाटलं होतं?”

“कसाही. मी मनात ठरवून टाकला होता एक.” जरा थांबून ते म्हणाले, “हा त्याहून… मऊ आहे.”

छत्रीवाल्या काकांनी तिसरी काडी बसवली, चौथीही बसवली असावी. आम्ही दोघं तिथून हललो तेव्हा संध्याकाळ होत आली होती आणि रस्त्याच्या टोकाला आभाळ उतरलं होतं. “हा कुठला?” त्यांनी विचारलं. मी म्हणाले, “ह्याला नाव देत नाहीत. देईपर्यंत जातो.”

*

सातव्या खंडाच्या आधीच ते बोलले. ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर, इकडे तिकडे बघत.

“तीन खंड झाले की माझं इथलं काम संपलं. पुढचं दुसऱ्या गावी आहे. मोठं ग्रंथालय, वर्षानुवर्षांचं काम. एकट्यानं जायला… हल्ली मन होत नाही.”

मला कळलं. मी पायरीवरची धूळ बोटानं सारखी केली.

“मला हंडा सोडता येत नाही,” मी म्हणाले, आणि मग सगळं सांगितलं. बादली, निळ्याची चिमूट, लाल बरणी.

त्यांनी बोटावरचा सरसाचा पापुद्रा खरवडला. “म्हणजे तो चौथा खंड…”

“रंग बाबांचाच. लाल तेवढा माझा.”

“आणि तुम्ही गेलात तर?”

“तर पहिल्याच गुरुवारी कुणीतरी कापड परत आणील. बाबांना ते चारचौघांत कळेल. मी नाही ते होऊ देणार.”

त्यावर ते हट्टाला पेटले नाहीत. रागावलेही नाहीत. “बरं,” एवढंच म्हणाले, आणि माझी छत्री माझ्या हातात दिली. ती त्यांच्याकडेच राहिली होती.

त्यानंतरच्या आठवड्यात मला ताप आला. पाच दिवस मी अंथरुणातून उठले नाही. बाबांनी सातव्या खंडाचं कापड एकट्यानं रंगवलं, पुठ्ठेवाले येऊन घेऊन गेले, एवढं आत्यानं सांगितलं. “काही म्हणाले का?” मी विचारलं. “म्हणाले, छान आहे. आणि तुझा ताप किती आहे ते तीनदा विचारलं. ताप काय, मोजून पुठ्ठ्यात बांधायचाय?”

उठल्या उठल्या मी ग्रंथालयात गेले. कपाटात बारांतले अकरा खंड ओळीनं उभे होते. दहा जुन्या आमसुलीत. मधोमध सातवा — निळा. गोकर्णीच्याही पलीकडचा, शाईसारखा निळा. लांबूनही डोळ्यांत जात होता. ग्रंथपालबाईंनी पुठ्ठेवाल्यांना सगळ्यांदेखत सुनावलं होतं, हे मला दारावरच्या माणसाकडून कळलं. बाबांचं नाव त्यांनी घेतलं नव्हतं.

“का नेलंत हे कापड?” मी त्यांच्या कामाच्या टेबलाशी उभी राहून विचारलं.

ते सुईत दोरा ओवत होते. ओवला गेला नाही. “तुमचे बाबा त्यावरून हात फिरवत होते. म्हणाले, हा आजवरचा माझा सगळ्यात चांगला. मी काय म्हणणार होतो?”

माझे डोळे भरून आले. पण त्यांनी मान वर केली तेव्हा त्यांचा चेहरा समाधानी नव्हता.

“मी आजपर्यंत खोटं पुस्तक बांधलं नव्हतं,” ते हळूच म्हणाले. “एकदा बांधलं. तुमच्यासाठी बांधलं, आणि पुन्हाही बांधीन कदाचित. पण मला ते बघवत नाही. तुम्हाला सव्वा वर्ष कसं बघवलं?”

मी काही बोलले नाही. तो गुरुवार नव्हता, तरीही.

*

अकराव्या खंडाचा गुरुवार आला. पुठ्ठेवाले नमुन्याचं पुस्तक घेऊन दाराशी उभे. आत्या चहा ओतत होती. बाबा हंड्यावर वाकले. एक चिमूट. पुटपुटले. आणखी एक. तुकडा बुडवून काढला, खिडकीत धरला.

“झालं,” ते म्हणाले, आणि हात पुसायला वळले.

मी बरणीवर हात ठेवला. पुठ्ठेवाले बरणीकडे बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते. दोष देत नव्हते. नुसते बघत होते. साडेअकरा वाजले होते. अर्धा तास थांबता आलं असतं. पण मला एकदम वाटलं, ह्या अर्ध्या तासाआडच मी सव्वा वर्ष लपलेय.

“बाबा,” मी म्हणाले.

आत्याच्या हातातली बशी कपावर वाजली.

“आज गुरुवार आहे,” बाबा म्हणाले.

“हो.”

“मग बोललीस कशी?”

“निळा जास्त झालाय, बाबा.”

ते माझ्याकडे बघत राहिले. मग ओला तुकडा घेऊन पुन्हा खिडकीशी गेले, पुस्तकाला लावून धरला. जवळ नेला, लांब नेला.

“मला दोन्ही सारखेच दिसतात,” ते म्हणाले. आवाज असा की समोरच्यालाही कष्टानं ऐकू यावा. “कधीपासून?”

“सव्वा वर्ष.”

“शाळेचा पडदा?”

“त्यात लाल टाकलं.”

“ते गोकर्णीचे चार ठाण?”

“त्यांतही.”

बाबा स्टुलावर बसले. “तरीच कुणी तक्रार केली नाही,” ते म्हणाले. “मला वाटायचं… माझा हात अजून शाबूत आहे.”

पुठ्ठेवाले एक पाऊल पुढे आले. “सातव्याचं कापड मी जाणूनबुजून नेलं. चुकलं माझं.”

बाबांनी मान हलवली, ती ‘हो’ची की ‘नाही’ची ते कळलं नाही. उठले आणि आतल्या खोलीत गेले. दार लावलं नाही, नुसतं लोटलं. त्या दिवशी हंड्याखालचा जाळ आत्यानं विझवला. बारा वाजून गेले तरी मला बोलावंसं वाटेना. देवापुढे बसले, पण क्षमा नेमकी कशाची मागायची तेच ठरेना — मौन मोडल्याची, की ते इतके दिवस पाळल्याची.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा चपला घालून दारात उभे होते.

“चल,” ते म्हणाले. “डोळ्यांच्या डॉक्टरकडे. तुझ्या आईनं पहिल्याच दिवशी ओरडून सांगितलं असतं. तू तिच्यावर गेली नाहीस एवढंच.”

*

मोतीबिंदू होता. पिकून पिवळा झालेला. डॉक्टर म्हणाले, पिवळ्या काचेतून बघत होतात तुम्ही. एका डोळ्याचं ऑपरेशन आधी झालं. पट्टी सुटून बाबा घरी आले, तेव्हा न्हाणीच्या दारात थबकले.

“ही बादली,” ते म्हणाले, “निळी आहे.”

आत्यानं हात जोडले. “झाली एकदाची.”

आठवड्यानं बाबांनी ग्रंथालयात न्यायला सांगितलं. आत्याही बरोबर आली. कपाटापुढे उभं राहून त्यांनी सातवा खंड बाहेर काढला आणि नव्या डोळ्यानं बघितला.

“हे कुणी रंगवलं?”

“तुम्ही,” मी म्हणाले.

ते हसायला लागले. आधी नाकातून, मग पोटातून, शेवटी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आत्या म्हणाली, “डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही, सांगितलंय ना?” तरी ते थांबेनात.

“अहो पुठ्ठेवाले,” हसू ओसरल्यावर ते म्हणाले, “डोळे माझे गेले होते. तुमचे तर शाबूत होते ना?”

“होते,” ते म्हणाले. “पण दुसरीकडे होते.”

आत्याला तेवढ्यात खोकला आला. बाबांनी माझ्याकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं, आणि सातवा खंड कपाटात परत ठेवला — उलटा. मग त्यांना कपाटातलं आणखी काहीतरी बघायचं आठवलं, आणि ते आत्याला घेऊन पलीकडे गेले.

“आता हंडा आड येत नाही,” पुठ्ठेवाले हळूच म्हणाले. “पुन्हा विचारतोय. उत्तर गुरुवारी दे. सकाळी.” ‘तुम्ही’ गेलं होतं आणि ‘तू’ आलं होतं, त्यांना ते कळलंही नसावं.

“गुरुवारीच का?”

“म्हणजे ‘नाही’ म्हणता येणार नाही.”

“मग ‘हो’ तरी कसं म्हणू?”

“ते तू बघ.”

त्या गुरुवारी सातव्या आणि अकराव्या खंडांचं नवं कापड बाबांनी स्वतः रंगवलं. मी बरणीला हात लावला नाही. खिडकीशी हाताची घडी घालून उभी राहिले. एक चिमूट निळा टाकून ते थांबले. बस्स. तुकडा खिडकीत धरला, आणि त्यांची पाठ ताठ झाली. मला तेव्हाच कळलं की आता इथे माझी गरज नाही. बरं वाटलं, आणि वाईटही… दोन्ही एकदमच.

पट्टी वाळली. चिठ्ठी लिहायचं काम माझं. मी लिहिली, बांधली, आणि पुठ्ठेवाल्यांपुढे धरली. त्यांनी वाचली. पुन्हा वाचली.

“काय लिहिलंय?” बाबांनी पट्टी ओढून घेतली, हात लांब करून वाचली. “होकारी.” भुवया वर गेल्या. “पन्नास वर्षांत असला जांभळा ऐकला नाही मी.”

“मी ऐकलाय एकदा,” आत्या कप गोळा करत म्हणाली. “पण तेव्हा माझ्या हातात चिठ्ठी नव्हती.”

बाबांनी तिच्याकडे बघितलं. ती कप घेऊन आत गेली. मग त्यांनी पट्टी खणात ठेवली, मागच्या बाजूला नाही, सगळ्यांत पुढे.

“पक्का आहे ना?” त्यांनी पुठ्ठेवाल्यांना विचारलं. “धुतल्यावर जाणारा नको मला.”

“नाही जाणार.”

“अधूनमधून हिला गुरुवारी घेऊन येत जा. नुसतं उभं राहायला. मला खोलीत कुणीतरी न बोलणारं लागतं. त्या आत्याबाईचा काय भरवसा नाही.”

घड्याळात बारा वाजले. मला आता बोलता आलं असतं. मी ओल्या कापडाचं एक टोक उचललं, त्यांनी दुसरं, आणि आम्ही ते वरच्या दोरीवर टाकलं. एक थेंब सुटून त्यांच्या कपाळावर पडला, बरोब्बर मधोमध.

या वेळी बोट मी माझ्या कपाळाला लावलं नाही.